सपाट रस्त्यावरची पायरी

बँकेसमोरच्या रस्त्यावर, भर सकाळी अकरा वाजता, ह्यांनी माझ्या कोपरातला हात काढून घेतला. झालं काहीच नव्हतं. भांडण नाही, बोलाचाली नाही, खिशातला रुमालसुद्धा काढायचा नव्हता. नुसता काढला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्या पुढे चालायला लागले, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे. मी जागच्या जागी उभी. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे अकरा वर्षं त्यांची चार बोटं असायची, तिथे एकदम गार लागलं. ह्यांना मात्र कशाचं काही नव्हतं. वर तारेवर कुठलासा पक्षी ओरडत होता, त्याच्याकडे मान वर करून बघत होते, आणि मान वर करूनही झोकांडी जात नव्हती. गेली अकरा वर्षं मान वर केली की हे भेलकांडायचे. म्हणून तर वर काय चाललंय ते मी बघायचे आणि खुणेनं सांगायचे. ढग आलाय, विमान गेलं, काही नाही. आता मेला तो पक्षी थेट त्यांनाच सांगायला लागला होता. मी पावलं उचलून त्यांना गाठलं, पिशवी डाव्या हातात घेतली आणि कोपर पुन्हा पुढे केला. त्यांनी पाहिलासुद्धा नाही. "अगं, किती तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढतोय बघ," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "काढू दे."

कानातल्या त्या यंत्रांना तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. दोन शेंगदाण्यांएवढी, कातडीच्या रंगाची, कानामागे बसणारी. सुनेनं हौसेनं बसवून दिली. तिला मी नाव ठेवत नाही, तिनं चांगल्या मनानं केलं, सगळे जण माझं वाटोळं चांगल्या मनानंच करतात. ह्यांचं ऐकणं तसं आधीपासूनच कमी. तीस वर्षं छापखान्यात, मोठ्या यंत्रापाशी उभे राहिलेले. त्या यंत्रघरात शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथे सगळं हातानं चालायचं. खांद्यावर एकदा दाबलं की पुढे काहीतरी आहे, बघ. दोनदा दाबलं की थांब, बंद कर. मी वरच्या मजल्यावर बांधणी खात्यात होते, छापलेले कागद घड्या घालून शिवायचे. कागद कमी पडला की मी खाली जायचे आणि हा उंच, पाठमोरा माणूस एका तळपायावर भार देऊन उभा असायचा. यंत्र नीट चाललंय की नाही हे ते कानानं ऐकत नसत, तळपायानं ऐकत. फरशीतून येणाऱ्या थरथरीत एवढासा फरक पडला की मान वळवायच्या आत त्यांचा हात बटणावर. "कानाचं काय घेऊन बसलीस, माणसाला तळपाय खोटं सांगत नाहीत," असं तेव्हा म्हणाले होते. मला ते बोलणं फार आवडलं होतं. लग्नाआधी मी त्यांना पहिल्यांदा हात लावला तो खांद्यावर, एकदा दाबून.

मग अकरा वर्षांपूर्वी कानाच्या आत कुठेतरी बिघडलं. आठवडाभर खोली ह्यांच्याभोवती फिरत होती आणि हे पलंगाची कड धरून पडून होते. फिरणं थांबलं, पण जाताना उरलंसुरलं ऐकणं आणि तोल दोन्ही घेऊन गेलं. उठून उभे राहिले ते माझा कोपर धरून. तेव्हापासून यंत्रघरातली भाषा आम्ही रस्त्यावर आणली. त्यांचा हात माझ्या कोपरात, मी कोपर बरगडीशी एकदा दाबला की पायरी आहे, पाय उचला. दोनदा दाबला की थांबा, गाडी येतेय. लोकांना वाटायचं, म्हातारा-म्हातारी अजून हातात हात घालून फिरतात, काय गोड आहेत. गोड कसलं डोंबलाचं, आमचं काम चाललेलं असायचं. पण खरं सांगते, त्या कामासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. हा एवढा मोठा माणूस, ज्यानं साहेबाचं कधी ऐकलं नाही, तो मी दाबल्याबरोबर पाय उचलायचा. प्रश्न नाही, शंका नाही. त्यांचं सगळं जग माझ्या बरगडीपाशी येऊन थांबायचं आणि मी आत सोडलं तरच त्यांच्यापर्यंत पोचायचं. हे असं कुणाला सांगता येत नाही. आजारी माणसाच्या बायकोनं दमायचं असतं, तर मी दमत नव्हते.

दवाखान्यातल्या कानवाल्या बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी मला भिंतीपाशी खुर्चीत बसवलं. चाळिशीच्या असतील. आवाज असा की लोणी. "काकू, तुम्ही निवांत बसा, मी बघते काकांकडे." मी सकाळपासून निवांतच होते, त्या वाक्यानंतर माझं निवांतपण गेलं. त्यांनी ह्यांना जाड, मऊ स्पंजाच्या लादीवर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. हे हलायला लागले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. आणि मग ह्यांचा डावा हात हवेत वर आला आणि चाचपडायला लागला. माझा कोपर शोधत होता. मी उठलेच, पण बाईंनी मला हातानं थांबवलं आणि स्वतः मागून ह्यांचे दोन्ही खांदे धरले. खांदे. जिथे तीस वर्षांत यंत्रघरातली माणसं आणि मी सोडून कुणी हात ठेवला नव्हता. नंतर बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. माणूस उभा राहतो तो तिघांच्या साक्षीवर. डोळे सांगतात, तळपाय आणि सांधे सांगतात, आणि कानाच्या आत वाकड्या नळ्यांत पाणी असतं ते डोकं कुठे कललं ते सांगतं. ह्यांचं ते पाणी आता धड साक्ष देत नाही. लादीनं तळपाय फसवले, डोळे मिटले, मग उरलं काय? "पण काकू, ऐकण्याचाही आधार असतो, तो कुणाच्या लक्षात येत नाही," त्या म्हणाल्या. "घड्याळ तिकडे वाजतंय, पंखा इकडे, रस्ता मागे. आवाज म्हणजे भिंतीतल्या खुंट्या समजा. त्या जागेवर असल्या की शरीराला कळतं, आपण कुठे आहोत." मग त्यांनी यंत्रं कानांवर चढवली, कोपऱ्यात एक बारीक खरखर लावून ठेवली आणि पुन्हा डोळे मिटायला लावले. हे हलले, पण थोडे. हात वर आला नाही. मी त्या हाताकडेच बघत होते. तो मांडीशेजारी नुसता लोंबत राहिला, बेफिकीर, आणि बरोबर आलेली सून टाळ्या वाजवायच्या बेतात होती. एका कोपऱ्यातली खरखर. माझी अकरा वर्षं एकीकडे आणि ती खरखर एकीकडे.

घरी आले ते घरभर ऐकत हिंडले. नळ ऐकला. फडताळाचं दार उघडून मिटून, उघडून मिटून ऐकलं. वर्तमानपत्राची घडी मोडताना थांबले आणि पुन्हा मोडली, कागदाचा आवाज विसरलो होतो म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, कागदासाठी रडतात. माझा आवाज ऐकून पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "तू हल्ली फार कर्कश बोलतेस का गं?" अहो, अकरा वर्षं ओरडून ओरडून हा गळा असा झाला, तुमच्यासाठी झाला. सुनेशी फोनवर अर्धा अर्धा तास बोलायला लागले, ती काही सांगायची आणि हे हसायचे, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "काय झालं?" तर हात हलवून म्हणायचे, "नंतर सांगतो." नंतर सांगतो. हे वाक्य आजवर या घरात माझं होतं. लोक काही बोलले, हसले की हे माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी म्हणायचे, थांबा, नंतर सांगते. कधी सांगायचे, कधी विसरायचे, कधी मुद्दाम विसरायचे.

आणि दुसरी एक गोष्ट गेली, ती तर मला कुणाजवळ मागताही येत नाही. अकरा वर्षं मी ह्यांच्या पाठीशी बोलत होते. हे खिडकीशी वाचत बसायचे, पाठ माझ्याकडे, आणि मी भाजी चिरता चिरता त्या पाठीला सगळं सांगायचे. शिव्या घालायचे, तुम्ही कसे हट्टी, तुमच्या आईनं मला कसं छळलं. आणि जे समोरून कधी बोलता आलं नाही तेही बोलायचे. की तुमच्याआधी मी मेले तर तुम्हाला रस्ता कोण ओलांडून देईल, आणि कुणी दिला तर मला ते वर सहन होणार नाही. असलं काहीबाही. पाठ ऐकायची नाही म्हणून पाठ फार चांगली होती. परवा मी सवयीनं सुरू केलं आणि पहिल्याच शब्दाला त्या पाठीनं वळून विचारलं, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, "काही नाही, सुरी बोथट झालीय."

मग एक दिवस दुपारी हे अंघोळीला गेले आणि मी यंत्रांची ती डबी उघडली. काही करायचं नव्हतं मला. नुसतं बघायचं होतं, काय आहे एवढं त्यात. दोन्ही हातात घेतली, मूठ मिटली, तर ती किंचाळायला लागली. बारीक, उभी शिट्टी, थांबेचना. माझी गाळणच उडाली. मूठ घट्ट केली तर आणखी ओरडली, उशीखाली कोंबली तर उशीतून ओरडली. चोर चोर म्हणून गल्ली गोळा करतायत की काय असं वाटलं. मी न्हाणीघराच्या दाराकडे बघत उभी, कपाळाला घाम, आणि आत हे बादलीत तांब्या बुडवत होते, निवांत. मग डोक्यात प्रकाश पडला. यंत्रं बाहेर आहेत म्हणजे ह्यांना ऐकूच येत नाही. त्यांचेच कान माझ्या हातात ओरडतायत आणि त्यांनाच ऐकू येत नाही. मी पलंगावर बसले आणि खूप हसले. मग एक यंत्र माझ्या कानाला लावून बघितलं. बसलं नाही, पण शिट्टीच्या आतून घर ऐकू आलं. घड्याळाचा एकेक ठोका टेबलावर काचेची गोटी टाकावी तसा. आणि कुणीतरी धापा टाकत होतं. फार जवळ, खरखरीत, म्हातारं. ती मी होते. हे असं ऐकतात मला. मी यंत्रं डबीत नीट ठेवली, झाकण लावलं. झाकण लावून झाल्यावर वाटलं, खिडकीबाहेर टाकायला हवी होती.

आता सांगायचंच आहे तर सगळं सांगते. मी खोटं दाबायचे. पाच-सहा वर्षांपूर्वी एकदा आम्ही फुलझाडांच्या दुकानापुढून चाललो होतो आणि दुकानातल्या बाईनं ह्यांच्याकडे बघून हात हलवला, ओळखीचं हसली. हेही हसले, मान वळवून, बराच वेळ. रस्ता सपाट होता, तळहातासारखा. मी कोपर बरगडीशी दाबला. एकदा. ह्यांनी ताबडतोब पाय उचलला, नसलेल्या पायरीवर ठेवला, आणि त्यांची मान माझ्याकडे आली. बाई मागे राहिली. किती सोपं होतं. मग मला चटकच लागली. ह्यांचं लक्ष कुणाच्या खिडकीत गेलं, कुणाच्या नातवंडात रमलं, नुसतं आपल्याच विचारात हरवलं, की मी दाबायचे. पाय वर, मान इकडे. दिवसातून एकदा, कधी दोनदा. पाप आहे हे मला कळत होतं. तोल नसलेल्या माणसाला सपाट रस्त्यावर पाय उचलायला लावायचा. पण मी धरलेलं असायचं ना. मी असताना पडले नाहीत कधी. चप्पल शिवणारा मला दर वेळी म्हणायचा, आजी, तुमची डावी टाचच का झिजते, उजवी कोरी कशी? मी म्हणायचे, तू शीव. ह्यांचं वजन उजवीकडे, म्हणून मी डावीकडे कलून चालायचे. एवढं साधं आहे ते, मी मनात म्हणायचे, आणि मला त्या झिजलेल्या टाचेचा अभिमान वाटायचा.

महिन्यानं पुन्हा दवाखान्यात बोलावलं होतं. जाताना ह्यांनी हात माझ्या कोपरात घातला. आपणहून. बँकेसमोरच्या त्या दिवसानंतर मी चार दिवस तोंड फुगवून होते, तेव्हापासून घालायला लागले होते, पण ती बोटं पूर्वीची नव्हती. पाहुण्यांच्या घरी आपण खुर्चीच्या कडेवर बसतो तशी बसलेली. बाईंनी यंत्रांत काहीतरी फिरवलं, लादीवर उभं केलं, शाबासकी दिली, आणि म्हणाल्या, चला, खाली रस्त्यावर चालून दाखवा. तिघं खाली आलो. दवाखान्यापुढे रुंद पदपथ आहे, नवा कोरा, सपाट. बाई ह्यांच्या उजव्या बाजूला आणि मी डाव्या. त्या काही सांगत होत्या, आवाज कुठल्या बाजूनं येतो ते ओळखा म्हणून, आणि हे मान त्यांच्याकडे वळवून ऐकत होते. काय ते ऐकणं. ओठांवर हसू. मला तीस वर्षांपूर्वी यंत्रघरात बघितलेला चेहरा आठवला, यंत्र सुरळीत चाललं की व्हायचा तो. तो चेहरा मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता. माझ्या कोपरात असताना एकदाही नाही. मी कोपर दाबला. एकदा. कचकन.

त्यांनी पाय उचलला नाही.

बोटांना कळलं होतं. बोटं किंचित आवळली गेली, मला जाणवलं. पण पाय सपाट पुढे गेला आणि मान वळली नाही. आणि त्याच वेळी बाई त्या लोण्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "काका, आता काकूंचा हात सोडा. त्या दिव्याच्या खांबापर्यंत एकटे जा." ह्यांनी हात काढून घेतला. गेले. सरळ गेले, मागे हात बांधून. बाई म्हणाल्या, "काकू, बघा ना, किती छान," आणि वरून कुणीतरी हाक मारली तशा आलेच म्हणून आत पळाल्या. मी एकटी उभी राहिले. रडायचं नव्हतं मला. मला घरी जायचं होतं, एकटीनं, त्यांच्याआधी, म्हणजे त्यांना कळेल. कोपरातून हात सुटलेली बाई कशी तरातरा जाते ते बघू देत. मी पदपथाच्या कडेला आले आणि रस्त्यावर उतरायला पाय टाकला. पायरी होती. खरी, वीतभर. मला दिसत होती. पण माझं अंग सवयीनं डावीकडे कललं, उजवीकडून ओढायला कुणी नव्हतं, आणि मी कललेलीच राहिले, कलतच गेले, आणि रस्त्याच्या कडेला बसकण मारली. चप्पल निघून लांब गेली. लागलं फारसं नाही. तळव्याला खरचटलं. पण अकरा वर्षं मी ज्याला माझा तोल समजत होते तो माझा नव्हता, हे मला त्या वीतभर उंचीत कळलं, आणि त्याचा इतका संताप आला की उठावंसं वाटेना.

मी हाक मारली नव्हती. शपथेवर सांगते. चपलेचा काय तो आवाज झाला असेल. पूर्वी मी घसा फाडून हाक मारली तरी हे भलतीकडेच बघायचे. आता खांबापाशी थबकले आणि थेट माझ्याकडे वळले. आले. घाईनं नाही, नीट, पावलं मोजल्यासारखे. माझी चप्पल उचलून माझ्या पायाशी ठेवली आणि शेजारी कडेवर बसले.

"लागलं?"

"नाही."

मी तळव्याची माती झटकली. मग मी म्हटलं, "मी दाबलं होतं."

"हो."

"पाय उचलला नाहीत."

"पायरी नव्हती," ते म्हणाले.

मी चप्पल जवळ ओढली. मग म्हटलं, "आता ऐकू येतं, कळणारच."

"ऐकण्याचा काय संबंध? कधीच नसायची." रस्त्याकडे बघत बोलत होते. "फुलवाल्या दुकानापाशी पहिल्यांदा दाबलंस. अगं, तीस वर्षं तळपायावर उभा राहिलेला माणूस मी. खाली सपाट आहे की नाही, हे मला कळणार नाही होय?"

माझा चेहरा तापला. सहा वर्षांच्या सगळ्या सपाट रस्त्यांवरचे सगळे पाय मला दिसायला लागले, एकामागून एक, वर उचललेले. "मग उचलायचात कशाला?"

"तू दाबायचीस म्हणून."

"आणि आज?"

ते जरा अवघडले. "गेल्या खेपेला आपण निघालो तेव्हा त्या बाईंनी खिडकीतून बघितलं. आज यंत्रं फिरवताना हळूच म्हणाल्या, मधेच पाय का उचलता, असं करू नका, तोल जाईल. मी म्हटलं, जुनी खोड आहे माझी. आज त्या शेजारी होत्या, म्हणून नाही उचलला. तुझं नाव निघायला नको."

म्हणजे या सगळ्यातही पुन्हा त्या बाई होत्याच. म्हणजे मी ह्यांना धरून नेत होते तेव्हा हे मला चालवत होते, आणि मला कळूही देत नव्हते, आणि त्याबद्दल मी ह्यांना कधी क्षमा करेन असं मला त्या क्षणी वाटलं नाही. एवढं एक माझं होतं, तेही ह्यांनीच दिलेलं निघालं. मी चप्पल घातली. त्यांनी उभं राहून आपला कोपर पुढे केला. त्यांचा. मला हात कुठे घालायचा ते समजेना, आमच्यात तो असा कधी घातलाच नव्हता. बोटं आत सरकवली. आत ऊब होती. मी चुकून डाव्या बाजूला कलले तर त्यांनी नुसतं धरून ठेवलं.

चालायला लागलो. वर दवाखान्याच्या खिडकीत बाई आल्या होत्या आणि हात हलवत होत्या. मी मान वर करून त्यांच्याकडे बघत होते, चांगली रोखून. तेवढ्यात माझ्या बोटांवर कोपर दाबला गेला. एकदा.

पुढे रस्ता लांबपर्यंत सपाट होता. मी पाय उचलला.